तार बदलली आणि गाडी अडली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळांच्या संगणक-खोल्यांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली जी यंत्रे अजून धडपणे चालतात, त्यांतली बरीचशी या अटीत बसत नाहीत. ती भंगारात काढायची नसतील तर लिनक्स हा एक चांगला मार्ग आहे. लिनक्स फुकट मिळते, मराठी दाखवते आणि जुन्या यंत्रावरही चालते. पण या मार्गावर एक खड्डा आहे. त्यात पाय अडकला की पुष्कळदा संगणकालाच दोष दिला जातो. या लेखात आपण त्या खड्ड्याची माहिती करून घेऊ.

समजा, कल्याणमधल्या एका शाळेत बारा संगणक आहेत. त्यांपैकी चारांमध्ये एनव्हिडिया कंपनीचे जिफोर्स २१० हे जुने ग्राफिक्स कार्ड आहे आणि उरलेल्या आठांत वेगळे कार्ड नाही. सगळ्यांवर लिनक्स बसवले आहे आणि त्या चार यंत्रांवर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हरही घातला आहे. काही महिने सगळे सुरळीत चालते. मग एके दिवशी यंत्रे नेहमीप्रमाणे इंटरनेटवरून सुधारणा घेतात आणि पुन्हा सुरू होतात. आठ यंत्रे पूर्वीसारखीच चालतात. बाकीच्या चारांवर मात्र पडदा काळा राहतो, किंवा जाडीभरडी अक्षरे दिसतात. कार्ड जळलेले नाही, मॉनिटर ठीक आहे, वायरीही घट्ट बसल्या आहेत. मग बिघडले काय?

याचे उत्तर असे, की यंत्रातील एकही वस्तू बिघडलेली नाही. दोन वस्तूंमधला करार बदलला आहे.

ड्रायव्हर कशासाठी?

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो सर्वांत आतला भाग असतो त्याला कर्नेल, म्हणजे गाभा, म्हणतात. स्मृतीचा कोणता तुकडा कोणाला द्यायचा, प्रोसेसरवर कोणाची पाळी आहे, डिस्कवर काय लिहायचे, हे सर्व कर्नेल ठरवतो. पण बाजारात उपकरणे हजारो प्रकारची आहेत. प्रत्येक उपकरणाशी बोलण्याची रीत वेगळी असते. ती रीत ज्या आज्ञावलीला माहीत असते तिला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. त्याला दोन भाषा याव्या लागतात, एक उपकरणाची आणि दुसरी कर्नेलची.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर हा या दुभाष्यांमधला सर्वांत गुंतागुंतीचा. का, ते एका साध्या गणिताने कळेल. १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा घ्या. त्यावर एकूण १०,४९,०८८ ठिपके असतात. दर सेकंदाला पडदा ६० वेळा नव्याने रंगवला जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे ६ कोटी २९ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट धरले तर सेकंदाला २५ कोटी बाइटांहून अधिक माहिती हलवावी लागते. त्याशिवाय खिडक्या सरकवणे, चित्रफीत उलगडणे, त्रिमिती आकृत्यांचे हिशेब ही कामे वेगळीच. एवढी माहिती वेगाने हलवायची तर ड्रायव्हरला कर्नेलच्या अगदी आतल्या व्यवहारांत हात घालावा लागतो. स्मृतीची पाने मागणे, ती कार्डाला दाखवणे, कामे संपल्याचे इशारे झेलणे हे सर्व तो कर्नेलच्याच घरात बसून करतो. लिनक्समध्ये अशा ड्रायव्हरला मॉड्यूल म्हणतात. कर्नेल चालू असतानाच मॉड्यूल त्याला जोडता येते आणि गरज संपल्यावर सोडवता येते.

रुळांवरचा दाखला

हा विषय वर्गात समजावून सांगायला कल्याणच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या पाहण्यातलेच उदाहरण आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी धावली. तिला वरच्या तारेतून १५०० व्होल्टचा एकदिश, म्हणजे डीसी, प्रवाह मिळत असे. पुढे ही व्यवस्था कल्याणवरून एकीकडे इगतपुरीपर्यंत आणि दुसरीकडे पुण्यापर्यंत गेली. देशाच्या इतर भागांत मात्र भारतीय रेल्वेने १९५७ पासून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, प्रवाह स्वीकारला होता.

हा बदल हवासा का होता? एखाद्या गाडीला ३० लाख वॅट शक्ती लागते असे धरा. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० अँपिअर प्रवाह लागेल आणि २५,००० व्होल्टवर ढोबळमानाने फक्त १२० अँपिअर. तारेतील उष्णतेचा व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेव्हा रोध तोच धरला तर हा व्यय सुमारे २७८ पटींनी कमी होतो. तार हलकी चालते आणि वीज उपकेंद्रे दूर-दूर ठेवता येतात. म्हणून मुंबईच्या उपनगरी मार्गावरही बदल झाला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर तो जून २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि हार्बर मार्गावरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली.

आता प्रवाशाच्या नजरेने पाहू. फलाटाची उंची तीच, तिकीट तेच, डोंबिवलीनंतर ठाकुर्ली आणि मग कल्याण हा क्रमही तोच. प्रवाशाशी असलेला करार रेल्वेने मोडला नाही. पण तार आणि गाडी यांच्यामधला आतला करार मुळापासून बदलला. केवळ डीसीवर चालणारी गाडी कितीही सुस्थितीत असली तरी एसी तारेखाली ती निरुपयोगी ठरली.

संक्रमणाच्या काळात रेल्वेने काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी इगतपुरीला गाडीचे इंजिनच बदलावे लागे. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली. १९९७ च्या सुमारास भेलने बांधलेली डब्ल्यूसीएएम-३ ही त्यांतलीच, आणि ती कल्याणच्या शेडमध्ये असत. २००७ नंतर लोकलसाठीही दुहेरी प्रवाहाच्या गाड्या आल्या. वर कोणती तार आहे ते ओळखायचे आणि त्याप्रमाणे आतली जोडणी करायची, ही त्यांची युक्ती. ही युक्ती लक्षात ठेवावी. पुढे ती आपल्याला संगणकातही भेटणार आहे.

दोन करार

लिनक्सचा कर्नेलही असेच दोन करार पाळतो.

पहिला करार वापरणाऱ्या कार्यक्रमांशी आहे. शब्दलेखनाचा कार्यक्रम, ब्राउझर किंवा खेळ कर्नेलकडे ज्या ठरावीक विनंत्या करतात, त्या विनंत्यांचा अर्थ बदलायचा नाही, असा हा करार आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून या बाबतीत ते अतिशय काटेकोर राहिले आहेत. कर्नेल नवा आल्यामुळे जुना कार्यक्रम बंद पडला, तर ती कर्नेलची चूक मानली जाते.

दुसरा व्यवहार कर्नेलच्या आतला आहे, म्हणजे कर्नेल आणि त्याची मॉड्यूले यांच्यातला. इथे मात्र स्थिरतेचे कोणतेही वचन नाही, आणि ते मुद्दाम दिलेले नाही. ग्रेग क्रोह-हार्टमन हे कर्नेलच्या प्रमुख सांभाळकर्त्यांपैकी एक. कर्नेलसोबत येणाऱ्या त्यांच्या एका टिपणात या धोरणाची कारणे दिली आहेत. आतली रचना गोठवली तर चुकीची किंवा असुरक्षित रचनाही कायमची सांभाळत बसावे लागते. ती मोकळी ठेवली तर सुधारणा करता येतात. मात्र एक अट आहे. जो कोणी आतला करार बदलेल त्याने कर्नेलमध्ये असलेल्या सर्व ड्रायव्हरांत तो बदल स्वतः करून द्यायचा. म्हणून ज्याची आज्ञावली कर्नेलच्या भांडारात आहे त्या ड्रायव्हरची काळजी आपोआप घेतली जाते. ज्याची आज्ञावली बाहेर, बंद पेटीत आहे, त्याच्याकडे मात्र कोणी पाहत नाही.

आतले बदल कसे असतात, याची तीन खरी उदाहरणे घेऊ.

मार्च २०१९ मध्ये कर्नेल ५.० आला. ‘अ‍ॅक्सेस-ओके’ नावाच्या एका तपासणीला त्याआधी तीन गोष्टी सांगाव्या लागत: वाचायचे की लिहायचे, स्मृतीचा पत्ता, आणि लांबी. ५.० पासून पहिली गोष्ट वगळली गेली. याचे कारण मनोरंजक आहे. मूळच्या ३८६ प्रोसेसरमध्ये एक उणीव होती. कर्नेल स्वतः लिहीत असताना तो प्रोसेसर ‘येथे लिहू नये’ ही खूण पाळत नसे. म्हणून लिहिण्याची वेगळी चौकशी करावी लागे. पुढे ३८६ चा आधारच कर्नेलमधून काढून टाकला गेला आणि ती चौकशी आंत्रपुच्छासारखी निरुपयोगी होऊन बसली. म्हणून ती कापली. पण ज्या ड्रायव्हरमध्ये तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या तो आता जुळेना.

मार्च २०२० मध्ये कर्नेल ५.६ आला. ‘प्रॉक’ या माहितीच्या कप्प्यात नोंद करताना जो तक्ता भरून द्यावा लागे, त्याऐवजी वेगळा, लहान तक्ता ठरवण्यात आला. काही जुनी नावेही काढून टाकली गेली. ऑगस्ट २०२० मध्ये ५.८ आला. त्यात स्मृतीच्या नकाशावरील कुलपाचे नाव आणि ते लावण्याची रीत बदलली. यांपैकी एकही बदल वापरणाऱ्याला दिसला नाही. कुठल्याही ब्राउझरला त्याचा पत्ता लागला नाही. बाहेरच्या ड्रायव्हरांना मात्र प्रत्येक वेळी दुरुस्ती करावी लागली.

इथे आपल्या उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. रेल्वेची तार नव्वद वर्षांत एकदा बदलली. कर्नेलची नवी आवृत्ती साधारणपणे दर नऊ-दहा आठवड्यांनी येते.

बंद पेटी आणि तिच्याभोवतीचे वेष्टन

मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर इतकी वर्षे चालला कसा? त्याची रचना दोन थरांची आहे. आतला मोठा भाग ही बंद पेटी. ती कंपनीने आधीच यंत्रभाषेत रूपांतरित करून दिलेली असते आणि तिची मूळ आज्ञावली आपल्याला दिसत नाही. तिच्याभोवती एक पातळ वेष्टन असते. या वेष्टनाची मूळ आज्ञावली मात्र उघडी मिळते. बसवताना हे वेष्टन आपल्या यंत्रातल्या कर्नेलच्या मापाने आपल्याच यंत्रावर तयार केले जाते. बंद पेटी कर्नेलशी थेट न बोलता बहुतेक व्यवहार या वेष्टनामार्फत करते.

दुहेरी प्रवाहाच्या इंजिनाची युक्ती ती हीच. वेष्टन तयार होताना आधी छोट्या-छोट्या चाचण्या होतात. या कर्नेलमध्ये अमुक कार्य आहे का? ते दोन गोष्टी मागते की तीन? उत्तराप्रमाणे योग्य तो तुकडा निवडला जातो. पण जे बदल कंपनीला ड्रायव्हर लिहिताना माहीत होते, त्यांचीच तरतूद त्यात असते. उद्या येणाऱ्या कर्नेलची तरतूद आज कशी असणार?

नव्या कार्डांसाठी कंपनी वेळोवेळी नवा ड्रायव्हर काढते. जुन्या कार्डांच्या शाखा मात्र एकेक करून बंद होतात. जिफोर्स ६ आणि ७ मालिकांसाठीची ३०४ ही शाखा २०१७ अखेर थांबली. जिफोर्स ८ पासून आपल्या उदाहरणातील २१० पर्यंतच्या कार्डांची ३४० ही शाखा २०१९ अखेर थांबली. तिची शेवटची आवृत्ती ३४०.१०८. फर्मी रचनेच्या, उदाहरणार्थ जीटी ६१०, कार्डांची ३९० ही शाखा २०२२ अखेर, आणि केप्लर रचनेच्या, उदाहरणार्थ जीटी ७१०, कार्डांची ४७० ही शाखा २०२४ मध्ये थांबली. आता वरचे सालवार बदल पुन्हा पाहा. ३४०.१०८ आली डिसेंबर २०१९ मध्ये आणि कर्नेल ५.६ आला मार्च २०२० मध्ये. गाडी कारखान्यातून शेवटची बाहेर पडली आणि तीन महिन्यांत तार बदलली.

‘पण आम्ही तर कर्नेल बदलला नाही,’ असे कोणी म्हणेल. तो आपोआप बदललेला असू शकतो. उदाहरणार्थ, उबुंटू २२.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये कर्नेल ५.१५ सह आली. नव्या यंत्रांची सोय व्हावी म्हणून तिच्या डेस्कटॉप प्रकारात कर्नेल टप्प्याटप्प्याने पुढे नेला जातो. तो ६.८ पर्यंत गेला. बाहेरून आवृत्ती २२.०४ च राहिली, आत मात्र गाभा नवा आला.

अडते नेमके कुठे?

नवा कर्नेल आला की ‘डीकेएमएस’ नावाची व्यवस्था वेष्टन पुन्हा तयार करायला घेते. ही व्यवस्था डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ च्या सुमारास तयार केली. या कामात चार ठिकाणी अडचण येऊ शकते. प्रत्येकीचे लक्षण वेगळे असल्यामुळे निदान करणे कठीण नाही.

पहिली अडचण, कर्नेलची मापे नसणे. वेष्टन शिवायला कर्नेलची शीर्षक-धारिका, म्हणजे हेडर, लागतात. त्या बसवलेल्या नसतील तर शिवणकाम सुरूच होत नाही. हा दोष सर्वांत साधा. चालू कर्नेलच्याच क्रमांकाच्या हेडर बसवल्या की काम होते.

दुसरी, वेष्टन तयार होताना चूक येणे. ‘अमुक कार्य सापडत नाही’ किंवा ‘गोष्टी जास्त दिल्या आहेत’ असा संदेश डीकेएमएसच्या नोंदवहीत मिळतो. आतला करार बदलल्याची ही खूण. आपल्या चार यंत्रांचा आजार बहुधा हाच.

तिसरी, जुळणी न होणे. प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या कर्नेलसाठी केले याची एक ओळखपट्टी असते. ती चालू कर्नेलशी जुळली नाही तर कर्नेल मॉड्यूल आत घेत नाही. इथे जबरदस्ती करण्याचा मार्ग आहे, पण त्या वाटेला जाऊ नये. ओळखपट्टी म्हणजे कडी आहे. तक्त्यातील रकाने सरकलेले असताना जुन्या जागी लिहिले तर स्मृतीत भलत्याच ठिकाणी लिहिले जाईल आणि विद्यार्थ्यांचे काम नष्ट होऊ शकेल.

चौथी, परवानगी नाकारली जाणे. याचे दोन प्रकार आहेत. यंत्रात ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल घेतले जात नाही. तेव्हा आपली स्वतःची किल्ली तयार करून ती यंत्रात नोंदवावी लागते. दुसरा प्रकार परवान्याचा आहे. कर्नेलमधील काही कार्ये फक्त जीपीएल परवान्याच्या, म्हणजे मूळ आज्ञावली उघडी ठेवणाऱ्या, मॉड्यूलांनाच वापरता येतात. उघड्या वेष्टनाआडून बंद पेटीने ती वापरण्याची पळवाट ऑक्टोबर २०२० च्या ५.९ आवृत्तीत आणखी घट्ट बंद करण्यात आली.

बंद ड्रायव्हर जोडला गेला की कर्नेल स्वतःवर एक ‘डाग’ नोंदवतो. त्यानंतर काही बिघडल्यास कर्नेलचे विकासक ती तक्रार सहसा हाती घेत नाहीत. ज्या पेटीत डोकावता येत नाही तिच्यातील दोष शोधणार कसा, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

आता काळ्या पडद्याचा उलगडा होईल. कंपनीचा ड्रायव्हर बसवताना कर्नेलमधील मोफत ड्रायव्हर ‘नुव्हो’ याला बंदी घातली जाते, कारण एका कार्डाला दोन धनी चालत नाहीत. नव्या कर्नेलवर कंपनीचा ड्रायव्हर जोडला गेला नाही आणि नुव्होला तर दारातच अडवलेले. कार्डाला कोणीच वाली उरला नाही.

उपाय, क्रमाक्रमाने

१. घाबरून सर्व पुन्हा बसवू नये. यंत्र सुरू होताना येणाऱ्या यादीतून जुना कर्नेल निवडावा. बहुतेक लिनक्समध्ये मागचा कर्नेल पुसलेला नसतो. जुन्या कर्नेलवर पडदा नीट दिसला तर निदान पक्के झाले.

२. कार्डाची पिढी ओळखावी. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने कार्डाचे नाव कळते. नावावरून कोणती शाखा लागू आहे आणि ती चालू आहे की बंद झाली, हे ठरवता येते.

३. ड्रायव्हर घ्यायचा तर आपल्या लिनक्स वितरणाच्या भांडारातूनच घ्यावा. कंपनीच्या संकेतस्थळावरची धारिका थेट चालवली तर पुढच्या सुधारणेच्या वेळी तिची दखल कोणी घेत नाही. भांडारातील प्रतीत पुष्कळदा नव्या कर्नेलसाठीच्या दुरुस्त्या आधीच घातलेल्या असतात.

४. शाखा बंद झालेली असेल तर स्वयंसेवकांनी केलेल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, मिळू शकतात. ३४० आणि ३९० या शाखांसाठी असे पॅच बराच काळ निघत आले आहेत. हे पॅच वेष्टनाचे असतात, पेटीचे नव्हे. तीनऐवजी दोन गोष्टी द्या, जुन्या नावाऐवजी नवे लिहा, असे त्यांचे स्वरूप असते. पेटीच्या आत एखादा सुरक्षिततेचा दोष असेल तर तो बाहेरचा कोणी दुरुस्त करू शकत नाही. शिवाय पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या एक्स-सर्व्हरशीही ड्रायव्हरचा वेगळा करार असतो. कर्नेलशी जमले तरी तिथे अडू शकते. पॅच लावायचे तर आधी एकाच यंत्रावर, तेही कामाची प्रत काढून ठेवून, लावावेत.

५. नुव्होकडे परत यावे. कंपनीचा ड्रायव्हर पूर्ण काढून नुव्होवरची बंदी उठवावी. हा ड्रायव्हर कार्डाच्या वागणुकीचे बाहेरून निरीक्षण करून स्वयंसेवकांनी घडवला आणि २०१० पासून कर्नेलमध्येच आहे. त्यामुळे कर्नेल बदलला की तोही बरोबर बदलतो. त्याचा वेग कंपनीच्या ड्रायव्हरएवढा नसतो आणि काही कार्डे त्याच्या हाताखाली पूर्ण वेगाने धावत नाहीत. पण शब्दलेखन, ब्राउझर, भूमितीच्या आकृत्या एवढ्यासाठी तो बहुधा पुरतो.

६. कर्नेल थांबवून ठेवावा, पण मुदत पाहून. उबुंटू २२.०४ चा मूळचा ५.१५ कर्नेल निवडला तर त्याला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. त्याची जाहीर मुदत एप्रिल २०२७ आहे. मुदत संपलेला कर्नेल इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर ठेवणे म्हणजे दार उघडे टाकणे होय. चित्र सुंदर दिसावे म्हणून मुलांच्या यंत्राची सुरक्षितता पणाला लावू नये.

शाळेपुरते बोलायचे तर आमचे मत पाचव्या उपायाकडे झुकते. आणखीही एक सोपी वाट आहे. ज्या यंत्रांच्या प्रोसेसरमध्येच चित्रांची सोय आहे, त्यांतले जुने कार्ड काढून केबल मदरबोर्डाला जोडून पाहावी. आपल्या उदाहरणातील आठ यंत्रे का चालली, याचे कारण तेच. इंटेलचे ड्रायव्हर उघडे आहेत आणि कर्नेलच्या भांडारातच आहेत.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही

यात कोणाची चूक, यावर बरेच वाद झाले आहेत. कंपनी म्हणते, आमच्या कार्डाची गुपिते आम्ही का उघडावीत? कर्नेलवाले म्हणतात, न दिसणाऱ्या आज्ञावलीसाठी आम्ही आमची प्रगती का थांबवावी? २०१२ मध्ये फिनलंडमधील एका जाहीर कार्यक्रमात टॉरवाल्ड्स यांनी एनव्हिडियावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली होती. दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, एनव्हिडियाने आपल्या कर्नेल-मॉड्यूलांची मूळ आज्ञावली खुली केली. पण ती ट्युरिंग, म्हणजे २०१८ मध्ये आलेल्या रचनेच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठीच. जिफोर्स २१० ला त्याचा काही उपयोग नाही. एएमडी कंपनीचा खुला ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर २०१५ पासून कर्नेलमध्ये आहे.

विंडोजच्या जगातही हे घडले आहे. २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदलली आणि चालणारी कितीतरी कार्डे नव्या ड्रायव्हरअभावी अडली. मोठ्या यंत्रांनाही यातून सुटका नाही. पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. त्याची शक्ती एनव्हिडियाच्या ए-१०० या चिपांतून येते. अशा यंत्रांचा वेगही अखेर कर्नेल आणि ड्रायव्हर यांच्या जुळणीवर अवलंबून असतो.

शाळेला यातून घेण्यासारखा धडा हा, की वस्तू विकत घेतली तरी तिचे आयुष्य आपल्या हातात असेलच असे नाही. धातू, काच आणि सिलिकॉन टिकाऊ असतात, पण त्यांना चालवणारी आज्ञावली बंद असेल तर ते दुसऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे म्हातारे होतात. म्हणून नवा संगणक घेताना किंमत आणि स्मृती यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: याचा ड्रायव्हर कर्नेलच्या भांडारात आहे का?

वर्गात करून पाहा

१. पायथनमध्ये तीन संख्या घेऊन त्यांतील दोघांचा गुणाकार देणारे आणि तिसरी न वापरणारे एक कार्य लिहा. त्याला हाक मारणाऱ्या पाच ओळी वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना लिहायला सांगा. मग मूळ कार्यातून निरुपयोगी तिसरी संख्या काढा. कोणाच्या ओळी अडतात? संदेश काय येतो? एका विद्यार्थ्याने आपली वही बंद ठेवायची, असे ठरवून हाच प्रयोग पुन्हा करा. दुरुस्ती कोणी करायची?

२. संगणक-खोलीतील प्रत्येक लिनक्स यंत्रावर ‘युनेम’ ही आज्ञा देऊन (पुढे वजाचे चिन्ह आणि ‘आर’ हे अक्षर) कर्नेलचा क्रमांक पाहा. ‘एलएसमॉड’ या आज्ञेने जोडलेल्या मॉड्यूलांची यादी काढा. पडद्याचे मॉड्यूल कोणते, ते ओळखा. हा तक्ता भिंतीवर लावला तर पुढे बिघाडाच्या वेळी उपयोगी पडेल.

३. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यासाठी वरचा हिशेब पुन्हा करा. सेकंदाला किती बाइट हलवावे लागतील?

४. घरातील अशा वस्तूंची यादी करा, ज्या धडधाकट असूनही जोडणी बदलल्यामुळे पडून आहेत: चार्जर, रिमोट, प्रिंटर, जुना मोबाइल. प्रत्येकीबाबत लिहा, की करार कोणाकोणामधला होता, तो कोणी बदलला, आणि मधला दुभाषा उघडा असता तर ती आज चालली असती का?